आपसांत समजून घ्यावे

गाडेकर मॅडमना बसलेलं मी एकदाच पाहिलं. एरवी सोळा-सतरा वर्षांच्या ओळखीत त्या उभ्या असायच्या, नाहीतर चालत असायच्या. स्टाफरूममध्ये त्यांच्या नावाची खुर्ची होती, तिच्यावर त्यांची पिशवी बसायची. चहा उभ्यानं, आणि तोही पुरता नाही. अर्धा कप खिडकीत विसरून त्या पुढच्या तासाला गेलेल्या असायच्या आणि आमचे शिपाई प्रकाशराव तो कप उचलताना रोज न चुकता म्हणायचे, "या बाईच्या पायाला भिंगरी हाय." त्यांच्याबरोबर दहा मिनिटं काढली की आपलेही पाय वळवळायला लागत. मला आजही मीटिंगमध्ये पाय हलवायची खोड आहे. बायको घरी टोकते, प्राचार्य डोळे वटारतात, पण ती खोड माझी नाही. ती मॅडमची आहे.

त्या गणित शिकवायच्या. एमएस्सीच्या पहिल्या दिवशी वर्गात शिरता शिरताच त्यांनी मला विचारलं, "कुठलं गाव?"

"वैजापूर."

"मग ये वैजापूर, फळ्यावर."

नाव विचारलंच नाही. वर्गात पैठण होतं, कन्नड होतं, सिल्लोड होतं. वैजापूरचा आणखी एक मुलगा निघाला तेव्हा मी मोठं वैजापूर झालो आणि तो धाकटं. विभागप्रमुखांना त्या तोंडावर सर म्हणायच्या, पण पाठ वळली की ते गंगापूर. पुढं मी त्याच कॉलेजात शिकवायला लागलो आणि त्यांच्याकडंच पीएचडीला नाव घातलं, तेव्हा त्या दिवसापासून मला अहो-जाहो सुरू झालं. नाव मात्र बदललं नाही. "अहो वैजापूर, जरा इकडं या."

मॅडम मूळच्या फुलंब्रीकडच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. एकट्याच राहायच्या. ज्या काळाचं मी सांगतोय तेव्हा पाऊस लागोपाठ हुलकावण्या देत होता आणि शहर मात्र वेड्यासारखं वाढत होतं. पाणी कमी आणि घरं जास्त, असा तो उलटा हिशेब होता. मॅडम आधी उस्मानपुऱ्यात भाड्यानं राहायच्या. घरमालकाचं बोअर आटलं की त्यांचं बिऱ्हाड हलायचं. दरवर्षी उन्हाळ्यात एकदा आम्ही विद्यार्थी त्यांचं सामान हलवायचो आणि त्या पुढं चालत नव्या घराचा रस्ता दाखवायच्या. शेवटी कंटाळून त्यांनी बीड बायपासच्या पलीकडं, गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या एका वस्तीत दोन खोल्या घेतल्या. तिथं तर नळच नव्हता, त्यामुळं पाणी जाण्याचा प्रश्नच मिटला.

संध्याकाळी त्या फिरायला निघायच्या ते शहराची कड बघायला. "चला, शहर कुठवर आलंय बघून येऊ." शेवटचं घर जिथं असेल तिथवर जायचं, त्याच्या पुढच्या रानात रोवलेले प्लॉटचे पांढरे दगड बघायचे आणि परत यायचं. पुढच्या महिन्यात ते घर शेवटचं नसायचं. "मागल्या साली इथं बाजरी होती," एवढंच म्हणायच्या. मला त्या फिरण्यातलं काही कळायचं नाही. माझे पाय दुखायचे आणि मी मनात शिव्या घालायचो.

त्यांचा विषय मात्र त्या असा शिकवायच्या की आमच्या घरच्यांनाही कळला असता. एका लग्नसराईत त्यांनी पिशवीतून भावाच्या मुलीची पत्रिका काढून वर्गाला दाखवली.

"गावात माणसं किती, पत्रिका किती थोड्या. तरी सगळ्यांना बोलावणं पोचलं. कसं?"

"घरटी एक, मॅडम."

"हां. घरात कुणाच्या हातात दिली यानं फरक पडतो? नाय पडत. आता वाटणाऱ्यानं घर ओळखायचं कसं? असा प्रश्न विचारायचा, की दार कुणीबी उघडू दे, उत्तर तेच यायला पायजे. वय विचारून नाय चालायचं. आडनाव विचारा."

मग फळ्याकडं वळून त्या भराभर लिहायच्या. बिंदू एका ठराविक तऱ्हेनं हलवता येतात. एका बिंदूवरून असं हलत हलत जिथं जिथं पोचता येतं ते सगळे बिंदू एका घरातले. त्या घराला म्हणायचं ऑर्बिट. घरातल्या घरात ज्याचं उत्तर बदलत नाही तो प्रश्न म्हणजे इन्व्हेरियंट फंक्शन. आणि घरटी एक पत्रिका वाटल्यावर हातात उरते ती घरांची यादी, तिला म्हणायचं कोशंट.

"पण मॅडम, दोन घरांचं आडनाव एकच असलं तर?" मी विचारलं होतं.

त्या चालता चालता थांबल्या. "आता आलास गणितात," म्हणाल्या.

सगळा खेळ तिथंच होता. दोन वेगळी घरं वेगळी ओळखू येतील इतके प्रश्न आपल्याजवळ आहेत का? कधी कधी नसतात. त्यासाठी त्या गावातल्या आडाचं उदाहरण द्यायच्या. गावाच्या मधोमध आड, आणि त्याच्याकडं येणाऱ्या चारी बाजूंच्या गल्ल्या. समजा, एकेक गल्ली म्हणजे एकेक ऑर्बिट. गल्लीभर उत्तर एकच यायला हवं. शिवाय प्रश्न सलग हवा, म्हणजे एक पाऊल टाकलं म्हणून उत्तरानं उडी मारायची नाही. मग गल्लीत जे उत्तर, तेच आडाच्या काठावर. दुसऱ्या गल्लीचंही तेच, कारण तीही त्याच आडाला येऊन भिडते. म्हणजे गल्ल्या वेगवेगळ्या, पण आपले सलग प्रश्न त्यांना एकच समजणार. पुस्तकं यावर सांगतात की आड वगळा आणि उरलेल्यांना जरा निराळ्या तऱ्हेचे प्रश्न विचारा, गल्ल्या सुट्या होतात. मॅडमना ते कधीच पटलं नाही.

"गावातनं पाणीच काढून टाकायचं आन् मग म्हणायचं गल्ल्या सुट्या झाल्या. लई सोपं! वगळायचं कुणालाच नाय. वगळून काय, कुणीबी करतंय."

त्यांचं स्वतःचं प्रमेय यावरच होतं. अकरा वर्षं त्या एकाच गोष्टीमागं होत्या. कॉम्प्लेक्स भूमितीतल्या एका मोठ्या जातीच्या अवकाशांत, कुणालाही न वगळता, कुठलीही दोन घरं वेगळी ओळखता येतील इतके प्रश्न सापडतात, असं त्यांना सिद्ध करायचं होतं. असल्या जागी तो आड कुठं येऊच शकत नाही, हे त्या पायरी-पायरीनं दाखवत आल्या होत्या. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. मूल नाही, बाळ नाही, पुस्तक नाही, लेखही मोजकेच. मागं राहील ते हे एक प्रमेय, हे त्या स्वतःच बोलून दाखवायच्या. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्याच प्रमेयावर उभं होतं, आणि कॉलेजातली माझी नोकरी त्या प्रबंधावर. तेव्हा त्यांच्याइतकीच घाई मलाही होती.

आमच्या वह्या तपासताना त्या एका गोष्टीवर हटकून लाल रेघ मारायच्या. सिद्धतेत कुणी "हे उघड आहे" असं लिहिलं की ते खोडून वर लिहायच्या, "कुणाला?" माझ्या पहिल्या वहीत असे नऊ "कुणाला?" होते.

त्या वर्षी उन्हाळा होळीलाच सुरू झाला. मॅडमच्या वस्तीत दिवसाआड एक टँकर यायचा आणि तो आला की जी झोंबाझोंबी व्हायची ती बघून भल्याभल्यांनी मान खाली घालावी. सात गल्ल्या, आणि प्रत्येकीला पाईप आधी हवा. ढकलाढकलीत एकीचा हात मोडला तेव्हा मॅडम टँकरवर चढून उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर त्यांनी खडूनं कोष्टक काढलं. पहिल्या फेरीला पहिली गल्ली आधी, दुसऱ्या फेरीला दुसरी, सात फेऱ्या झाल्या की पुन्हा पहिली. प्रत्येक गल्लीला ठराविक पाणी, ते संपलं की पाईप पुढं. खाली एक ओळ लिहिली होती, "गल्लीतल्या गल्लीत आपसांत समजून घ्यावे."

टँकरवाल्या सलीमभाईनं कोष्टक बघितलं आणि कपाळाला हात लावला. "क्या मॅडम, पानी को भी पीरियड लगा दिये?"

"लगा दिये. और लेट आओगे तो ॲब्सेंट मांडूंगी," मॅडम म्हणाल्या. त्यांची हिंदी अशीच होती.

पण भांडणं थांबली हे खरं. नगरसेवक येऊन भिंतीबरोबर फोटो काढून गेला. मॅडम खुश होत्या. "एका गल्लीचं दुसऱ्या गल्लीत बदलून टाका, काय फरक पडतो सांगा. नाय पडत. याला म्हणतात इन्व्हेरियंट," असं त्या मला गिरणीसमोर उभं करून सांगायच्या. पीठ दळायला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

त्याच सुमारास पत्र आलं की मॅडमचा लेख एका चांगल्या नियतकालिकानं स्वीकारला आहे. अकरा वर्षांचं काम फळाला आलं होतं. विभागप्रमुखांनी पेढे वाटले, सत्काराची तारीख ठरवली आणि परस्पर फ्लेक्सही छापायला टाकला. मॅडम पेढा हातात घेऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होत्या. मी पाया पडलो तर म्हणाल्या, "वैजापूर, आता तुमचं बी सुटलं."

पुढच्याच रविवारी सकाळी मी तिसरं प्रकरण घेऊन त्यांच्या घरी गेलो. झुंबरबाई भाकरी करत होत्या. त्या घरोघरी भाकऱ्या करून द्यायच्या आणि चौथ्या गल्लीत शेवटच्या घरात राहायच्या. मॅडम दारात उभ्या राहून भाकरी खात होत्या आणि मी वाचून दाखवत होतो. मध्येच झुंबरबाई म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू का? राग नका येऊ दिऊ."

"विचारा की."

"तुमी गल्लीचा नंबर फिरवला, ब्येस केलं. पर माझं घर कुठं फिरतंय? गल्ली पैली येऊ द्या नाय तर सातवी, पाईप माझ्या दारी येस्तोवर पाणी सरलेलं असतंय. म्होरल्या घरचे टीपं-पिंपं भरून घेत्यात. महिना झाला, मी दुसऱ्या वस्तीतनं हंडे आणतीया."

"अहो, पण खाली लिहिलंय ना मी. आपसांत समजून घ्यावे म्हणून."

झुंबरबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "आपसांत म्हंजी कुणाकुणात, मॅडम? म्होरल्यांचं समजून झालंय. मला कोण समजून घेतंय?"

भाकरीचा तुकडा मॅडमच्या हातातच राहिला. मग स्वतःशीच म्हणाल्या, "मी गल्लीला किती एवढंच विचारत बसले. माझ्या प्रश्नाला ही बाई दिसलीच नाय." मी पुढचं वाचायला लागलो तर त्यांनी हातानं गप्प केलं, हात न धुता आत गेल्या आणि आपला लेख घेऊन आल्या. एकेक पान उलटत त्या दारापासून चुलीपर्यंत फिरत होत्या. नवव्या पानावर थांबल्या. मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. एका लहानशा परिच्छेदात, अगदी कडेच्या एका प्रकारासाठी, त्यांनी सिद्धता दिलीच नव्हती. इंग्रजीत एक ओळ होती: या प्रकारात ऑर्बिट बंद असतात हे उघड आहे.

बंद म्हणजे बाहेरच्या कुठल्याही आडाला जाऊन न भिडणारं. आड कुठं येत नाही हे त्यांनी सगळीकडं दाखवलं होतं. या एका कोपऱ्यात दाखवलं नव्हतं, नुसतं म्हटलं होतं, भिंतीवरच्या त्या ओळीसारखं.

आणि मग गाडेकर मॅडम बसल्या. चुलीशेजारी, फरशीवर, मांडी घालून. पाठकोरा कागद घेऊन त्यांनी तिथंच आकडेमोड सुरू केली. झुंबरबाईंच्या भाकऱ्या संपल्या, त्यांनी परात धुतली, पदराला हात पुसले, आणि भेदरून माझ्याकडं बघत राहिल्या. आपण काहीतरी भयंकर बोलून बसलो असं त्यांना वाटलं असावं. दुपार व्हायच्या आत मॅडमनी उदाहरण काढलं. त्या कोपऱ्यात आड होता. दोन घरं वेगळी होती आणि जगातला कुठलाही सलग प्रश्न त्यांना वेगळं ओळखू शकत नव्हता. प्रमेय खोटं होतं.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, कीव आली नाही, रागच आला. महिन्याभरात प्रबंध द्यायचा होता. अकरा वर्षं कुणाला दिसलं नाही, परीक्षकांना दिसलं नाही, ते एका भाकरीच्या वेळेला का दिसावं? मी म्हणालो, "मॅडम, अगदी कडेचा प्रकार आहे हा. कुणी बघणार पण नाही."

"ते खरंय," त्या म्हणाल्या. "तिच्याकडं बी कुणी बघितलं नव्हतं."

मग माझा चेहरा बघून त्यांनी माझं प्रकरण ओढून घेतलं आणि वरच्या बाजूला एक ओळ लिहिली. सर्व ऑर्बिट बंद आहेत असे मानू. "घ्या. एवढी अट घाला, तुमचं अक्षर न् अक्षर खरं ठरतंय. उद्याच्या उद्या देऊन टाका."

"आणि तुमचं?"

"माझं सगळं त्या अटीच्या बाहेर हाय, वैजापूर. बंद घरांचं तर लोकांना आधीच ठाऊक होतं."

याचा अर्थ माझा प्रबंध खरा होता आणि फारसा नवा नव्हता. तो अर्थ मला त्याच क्षणी कळला होता. मी तो न कळल्यासारखं केलं आणि कागद गोळा केले. पीएचडी मिळाली, नोकरी पक्की झाली. परीक्षकांनी "काटेकोर मांडणी" असा शेरा दिला.

लेख परत मागवायचं पत्र मॅडमनी सोमवारीच पाठवलं. विभागप्रमुख हवालदिल झाले. "मॅडम, छापून येऊ द्या हो. कोण वाचतंय?"

"मी वाचलं ना, सर."

"पण सत्कार? फ्लेक्स लागलाय! तुमच्या गावाकडची माणसं निघालीत."

"येऊ द्या की मग."

त्या सत्काराचा विषय आमच्या कॉलेजात अजून निघतो. फ्लेक्सवर मॅडमचा फोटो, खाली ठळक अक्षरांत "गाडेकर प्रमेय". शाल झाली, श्रीफळ झालं, फुलंब्रीहून आलेली भावकी पहिल्या रांगेत बसली होती. मॅडम बोलायला उठल्या आणि सवयीनं फळा शोधू लागल्या. सभागृहात फळा नव्हता. तेव्हा त्यांनी प्रकाशरावांना हाक मारली, दोघांनी मिळून फ्लेक्स सोडवला आणि उलटा करून परत बांधला. मागच्या पांढऱ्या बाजूवर मार्करनं त्यांनी ते उदाहरण लिहायला सुरुवात केली. शाल सारखी घसरत होती म्हणून ती श्रीफळावर टाकली. वीस मिनिटांत, आपलं प्रमेय का खोटं आहे, हे त्यांनी स्वतःच्या सत्कारात स्वतःच्या फोटोच्या पाठीवर सिद्ध केलं. शेवटी त्या म्हणाल्या, "हे मला आमच्या झुंबरबाईंमुळं कळलं. टाळ्या वाजवायच्या तर त्यांच्यासाठी वाजवा." झुंबरबाई आल्याच नव्हत्या, कामाला गेल्या होत्या. टाळ्या कुणी वाजवाव्यात हे न कळून सगळ्यांनीच थोड्या थोड्या वाजवल्या.

त्यांच्या धाकट्या भावानं तेवढ्यात पुढं वाकून विचारलं, "आक्का, मंग पेढं वाटायचं का नाय?"

"वाटा. चूक सापडली त्याचे."

गिरणीवरचं कोष्टकही त्यांनी पुसलं. नव्या कोष्टकात पाईप एका खेपेला गल्लीच्या तोंडापासून सुरू व्हायचा आणि दुसऱ्या खेपेला शेपटापासून. झुंबरबाईंचा हंडा एका आड एक खेपेला भरायला लागला. पण मॅडमना चैन कुठली? "मधल्या घरांचं काय? मधल्यांना दोन्हीकडनं उरलेलंच." त्या घरोघर विचारत फिरल्या आणि मधल्या घरच्या बायका सांगत राहिल्या की बाई आमचं बरं चाललंय, तुम्ही आता बसा. "आपसांत समजून घ्यावे" ही ओळ पुन्हा कधी भिंतीवर आली नाही.

निवृत्तीनंतर त्यांचा खरा उद्योग सुरू झाला. सलग प्रश्नांना ती घरं दिसत नाहीत हे तर सिद्ध झालं होतं. मग दिसतील असे प्रश्न कुठले? वगळायचं कुणालाच नाही हा हट्ट कायम होता. वह्यांवर वह्या भरत होत्या. मी सुरुवातीला दर रविवारी जायचो, मग महिन्यातून एकदा, मग दिवाळीला. गेलो की त्या एकच विचारायच्या, "वैजापूर, ती अट काढता आली का?" मी म्हणायचो, वेळच मिळत नाही, मॅडम. ते खरंच होतं. कॉलेजच्या मानांकनाची, नॅकची फाईल होती, परीक्षेचं काम होतं, उस्मानपुऱ्यात फ्लॅट घेतला होता. पुढं गंगापूर सर निवृत्त झाले आणि मी विभागप्रमुख झालो. बंद ऑर्बिटांवर माझे पाच-सहा लेख आले. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर ती अट आहे, आणि प्रत्येक लेख बिनचूक आहे.

दोन वर्षांपूर्वी मॅडम गेल्या. मला ते तेरावं उलटून गेल्यावर कळलं. त्यांच्या भावाचा नंबर माझ्याजवळ आहे. वह्यांचं काय झालं हे विचारायला मी अजून फोन केलेला नाही. रोज करायचा म्हणतो.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या वस्ती सोडून फुलंब्रीला निघाल्या तेव्हा. तोवर वस्तीत नळ आले होते, डांबरी रस्ता झाला होता, शहर तिच्या पुढं कितीतरी लांब गेलं होतं. "इथं आता मधोमध आल्यासारखं वाटतंय," मॅडम म्हणाल्या. "भाऊ रस्त्याकडंची खोली देतोय. तिथं बी शहर येईलच, तवर काम होईल." त्या वाळल्या होत्या. पाय मात्र एका जागी ठरत नव्हते. टेम्पोत सामान चढवताना त्या इकडून तिकडं नुसत्या चालत होत्या.

मी मनाशी एक भाषण जुळवून गेलो होतो. वह्या विभागाकडं द्या, आपण तुमच्या नावाचं एक कपाट करू, मी स्वतः लक्ष घालीन. वह्यांची पिशवी त्यांच्या हातात होती, ती त्यांनी सामानात टाकू दिली नव्हती. माझं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"कपाटात ठेवून काय करता?" त्या म्हणाल्या. "तुमचं अटीतलं बरं चाललंय, वैजापूर. चालू द्या."

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. तरीही मी हात पुढं केला. म्हणालो, निदान टेम्पोत बसेपर्यंत तरी द्या, जड आहे. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसायला गेल्या. बसल्या नाहीत, दांडीला धरून पायरीवर उभ्या राहिल्या.

टेम्पो बायपासला लागला आणि तिथंच अडकला. सकाळची वेळ होती, ट्रक, रिक्षा, कंपन्यांच्या बसेस, काही हलत नव्हतं. मी स्कूटरवर मागंच होतो. एका जागी दोन मिनिटं गेली असतील नसतील, मॅडम पायरीवरून खाली उतरल्या. ड्रायव्हरला हातानं पुढच्या चौकाची खूण केली आणि गाड्यांच्या कडेकडेनं चालायला लागल्या. पिशवीच्या वजनानं एक खांदा खाली गेला होता. टेम्पो मागं राहिला, मग ट्रक मागं राहिले, आणि त्या पुढं दिसत राहिल्या.

स्कूटर घालून त्यांना गाठणं अवघड नव्हतं. वाट होती. मी थोडा वेळ बघत उभा राहिलो, मग हँडल वळवलं आणि उस्मानपुऱ्याला घरी आलो.